मान्यता कोणाची? संस्थेची की शिक्षणाची?

बारावीचा निकाल लागला की आमच्या ओट्यावर संध्याकाळची वर्दळ सुरू होते. दिवसभर कचेरीत फायली आणि संध्याकाळी वस्तीतल्या लोकांचे अर्ज, हा आमचा वर्षानुवर्षांचा क्रम. कोणाला जातीचा दाखला हवा असतो, कोणाला उत्पन्नाचा. कोणाचे नाव शाळेच्या दाखल्यावर एक असते आणि आधार कार्डावर दुसरे. त्यातून वाट काढता काढता रात्रीचे दहा वाजतात.

यंदा एके संध्याकाळी वाळूजच्या कंपनीत कंत्राटावर काम करणारे आमच्या वस्तीतले एक बांधव मुलीला घेऊन आले. मुलीला बारावीला बरे गुण पडले होते. बापाच्या हातात गुळगुळीत कागदाचे रंगीत माहितीपत्रक होते. त्यावर तीन मजली इमारत, पुढे बाग आणि ओळीने उभ्या असलेल्या गणवेशातल्या मुली.

"जय भीम, भाऊ," ते म्हणाले, "पोरीला नर्सिंगला घालायचं ठरवलंय. तीन वर्षांचा कोर्स आहे. संस्था लई मोठी आहे, त्यांचं स्वतःचं हॉस्पिटल आहे. पतसंस्थेतून कर्ज काढतो. तुम्ही अर्ज तेवढा भरून द्या."

आम्ही विचारले, "मान्यता कोणाची आहे?"

त्यांनी माहितीपत्रकाच्या कोपऱ्यावर बोट ठेवले. "ही काय, नॅकची. 'अ' दर्जा आहे."

त्या बोटाखाली जे छापले होते ते खोटे नव्हते. पण ते त्या मुलीच्या कामाचेही नव्हते. आज त्याविषयी लिहावयाचे आहे, कारण अशी बोटे आम्ही दरवर्षी पाहतो आणि कर्जाचे हप्ते मात्र आपल्या माणसांच्या पगारातून जातात.

शनिवारी सुट्टी होती. आम्ही तिघे एस.टी.ने त्या गावी गेलो. संस्थेचे नाव लिहीत नाही, कारण गोष्ट एका संस्थेची नाही. कार्यालयात भिंतीवर नॅकचे प्रमाणपत्र चौकटीत लावले होते. जवळ जाऊन वाचले तर ते त्याच शिक्षण मंडळाच्या कला व वाणिज्य महाविद्यालयाचे होते. नर्सिंगचे वर्ग मागच्या इमारतीत, दोन खोल्यांत. नर्सिंगच्या मान्यतेचे पत्र मागितले तेव्हा खिडकीतले लिपिक म्हणाले, "आहे ना साहेब, प्रवेश झाला की दाखवू." आम्हीही खिडकीच्या आत बसूनच नोकरी केली आहे. कोणता कागद कपाटात आहे आणि कोणता नाही, हे आतल्या माणसाच्या आवाजावरून कळते.

मग रुग्णालय पाहिले. 'प्रसूती विभाग' अशी पाटी होती. आत सहा खाटा होत्या, बाळंतीण एकही नव्हती. एका खाटेवर गाद्या रचून ठेवल्या होत्या. मुलीने हळूच विचारले, "काका, इथं बाळंतपणं कधी होतात?" उत्तर द्यायला तिथे कोणी नव्हते.

परतीच्या गाडीत बाप बराच वेळ गप्प होते. शहर जवळ आल्यावर म्हणाले, "बडा घर, पोकळ वासा."

तीन कागद, तीन अर्थ

आमचे शिक्षण बी.कॉम. वाणिज्य शाखेत आम्ही एक गोष्ट पक्की शिकलो. कंपनी मोठी असली म्हणून तिची प्रत्येक शाखा नफ्यात असते असे नाही. शाखेचे खरे चित्र पाहायचे तर तिचा हिशेब वेगळा मागावा लागतो. शिक्षणसंस्थेचेही तसेच आहे.

पहिला कागद नॅकचा. राष्ट्रीय मूल्यांकन आणि अधिस्वीकृती परिषद १९९४ साली विद्यापीठ अनुदान आयोगाने स्थापन केली. ती महाविद्यालयाचे किंवा विद्यापीठाचे एकूण कामकाज पाहते आणि श्रेणी देते. ही श्रेणी म्हणजे त्या संस्थेत सिस्टर तयार करण्याचा परवाना नव्हे. शिवाय एका शिक्षण मंडळाची दहा महाविद्यालये असतील, तर एकाची श्रेणी दुसऱ्याला लागू होत नाही.

दुसरा कागद संलग्नतेचा. बी.एस्सी. नर्सिंग हा चार वर्षांचा पदवी अभ्यासक्रम असेल, तर आपल्या राज्यात त्यासाठी नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाची संलग्नता लागते. हे विद्यापीठ १९९८ सालचे. ते परीक्षा घेते आणि पदवी देते.

तिसरा कागद सर्वांत महत्त्वाचा, आणि तोच कोणी मागत नाही. तो परिचर्या परिषदेचा. भारतीय परिचर्या परिषद १९४७ च्या कायद्याने अस्तित्वात आली. राज्यातल्या परिषदेचे काम महाराष्ट्र परिचारिका कायदा, १९६६ प्रमाणे चालत आले. शिकून बाहेर पडलेल्या मुलीचे नाव राज्य परिषदेच्या नोंदवहीत चढले, तर ती सिस्टर. नाही चढले, तर तीन वर्षे आणि कर्जाचे पैसे पाण्यात.

ही मान्यता संस्थेला एकरकमी मिळत नाही. ए.एन.एम.ची वेगळी, जी.एन.एम.ची वेगळी, बी.एस्सी.ची वेगळी आणि प्रत्येकीच्या जागा ठरलेल्या. ए.एन.एम.ची मान्यता असलेल्या ठिकाणी जी.एन.एम.चा वर्ग आपोआप सुरू करता येत नाही. साठ जागांची परवानगी असेल, तर एकसष्टावी मुलगी कागदावर कुठेच नसते. मोठ्या घराच्या एका खोलीचा कर भरला म्हणजे दुसऱ्या खोलीचा भरला असे होत नाही, इतका हा साधा हिशेब आहे.

वहीतली वीस बाळंतपणे

आता कोणी म्हणेल, कागद पूर्ण असले की झाले. तसेही नाही.

जी.एन.एम. या अक्षरांतला शेवटचा 'एम' म्हणजे मिडवाइफरी, आपल्या भाषेत सुईणपण, सरकारी मराठीत प्रसाविका. आपल्याकडे बहुतेक मुली सुईणपण वेगळे शिकत नाहीत. ते नर्सिंगच्या पोटात, नर्सिंग महाविद्यालय रुग्णालयाच्या पोटात आणि रुग्णालय एखाद्या मोठ्या संस्थेच्या पोटात असते. मोठ्या कुटुंबात धाकट्या सुनेच्या ताटात काय पडते, हे जसे पंगत पाहून कळत नाही, तसे या शिक्षणाचे आहे.

म्हणून परिषदेने आकडे घालून दिलेले आहेत. बी.एस्सी. नर्सिंगसाठी महाविद्यालयाचे स्वतःचे १०० खाटांचे रुग्णालय, दहा विद्यार्थ्यांमागे एक शिक्षक आणि एका विद्यार्थ्यामागे तीन रुग्ण, असे प्रमाण सांगितले गेले. प्रत्येक विद्यार्थिनीने स्वतःच्या हाताने २० नैसर्गिक बाळंतपणे करावीत, पाच वेळा टाके घालावेत, पाच नवजात बाळांना श्वास देण्याचे काम करावे, अशा अटी अभ्यासक्रमात अनेक वर्षे होत्या. अभ्यासक्रम बदलतात, आकडे खाली-वर होतात. पण तत्त्व एकच. पुस्तक वाचून सुईण होता येत नाही. हात लागले पाहिजेत.

काही वर्षांपूर्वी आमच्या ओळखीची एक मुलगी अशाच एका संस्थेतून पास झाली. पेढे घेऊन आली तेव्हा आम्ही सहज विचारले, "किती बाळंतपणं केलीस गं?" तिने आईकडे पाहिले आणि मग खरे सांगितले. "काका, वहीत वीस लिहिलीत. हातानं दोन केली. बाकीची दारातून बघितली."

तिला एका छोट्या दवाखान्यात नोकरी लागली. पहिल्याच आठवड्यात रात्रपाळीत एक बाई आली. डॉक्टर घरी, फोन केला तर येतो म्हणाले. बाळ आधी आले आणि रडले नाही. त्या दवाखान्यात फरशी पुसणाऱ्या एक मावशी होत्या. पूर्वी गावात सुईणपण केलेल्या. त्यांनी बाळाला कोरड्या फडक्याने पुसले, पाठ चोळली. बाळ रडले. मुलगी आम्हाला सांगत होती आणि तिचे हात थरथरत होते. "काका, सर्टिफिकेट माझ्याकडं होतं. हात मावशीकडं होते."

पुढे तिने मोठ्या रुग्णालयात कमी पगारावर वर्षभर काम करून शिकून घेतले. आज ती उत्तम सिस्टर आहे. पण जे तिला फी भरून मिळायला हवे होते, ते तिने पुन्हा स्वतःच्या घामाने मिळवले. आणि ती मावशी नसती तर काय झाले असते, हे कोणत्याही वहीत लिहिले गेले नसते.

आमच्या शहरात घाटी आहे. शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९५६ साली सुरू झाले. जालना, बीड, बुलढाण्यापासून बाया तिथे बाळंतपणाला येतात, वर्षाला हजारोंनी. शिकणाऱ्या मुलीसाठी अशी जागा म्हणजे खाणच. पण कोणत्याही मोठ्या शिक्षण रुग्णालयात त्याच एका टेबलाभोवती डॉक्टरकीचे विद्यार्थी असतात, निवासी डॉक्टर असतात, वेगवेगळ्या महाविद्यालयांच्या नर्सिंगच्या मुली असतात. म्हणून नुसत्या खाटा मोजून भागत नाही. तीच खाट किती महाविद्यालयांच्या वहीत लिहिली आहे, हेही पाहावे लागते. एकच घर चार पतसंस्थांकडे गहाण ठेवणारा माणूस आपण पाहिलेला आहे. पाचवी पतसंस्था बुडते. इथे मुलगी बुडते, आणि तिच्यासमोर झोपलेली बाई.

सुईणीपासून सिस्टरपर्यंत

हे काम आपल्या आयाबायांना नवे नाही. गावगाड्यात नाळ कापणे, वार पुरणे, रक्ताने भरलेली लुगडी धुणे हे विटाळाचे काम मानले गेले आणि बऱ्याच गावांत ते मांग-महारांच्या बायांवर टाकले गेले. मोठ्या वाड्यातले मूल त्यांच्या हातात जन्मायचे. तेच मूल मोठे झाल्यावर त्यांची सावली टाळायचे. मोबदला म्हणजे पसाभर धान्य, जुने लुगडे. आपल्याच घरातल्या बाळंतिणींना मात्र पोटभर अन्न नसायचे. बेबीताई कांबळे यांनी 'जिणं आमुचं' या पुस्तकात हे जग लिहून ठेवले आहे. १९२८ साली मुंबईच्या विधिमंडळात बाबासाहेबांनी कामगार स्त्रीच्या प्रसूती लाभाच्या विधेयकाची बाजू मांडली, तेव्हा त्यांना हे जग ठाऊक होते.

पुढे सरकारने गावोगावच्या दाईंना महिन्याभराचे प्रशिक्षण दिले, हातात पेटी दिली. २००५ नंतर दवाखान्यातच बाळंतपण व्हावे यावर भर आला आणि दाई मागे पडली. दवाखान्यातले बाळंतपण चांगलेच आहे. पण त्या दवाखान्यात जी उभी आहे तिचे हात दाईपेक्षा अधिक शिकलेले असले पाहिजेत, नाहीतर आपण नुसती जागा बदलली.

इतर देशांनाही हा प्रश्न सोडवावा लागला. इंग्लंडमध्ये १९०२ च्या सुईण कायद्यापूर्वी कोणीही बाई स्वतःला सुईण म्हणवू शकत असे. त्या कायद्याने मंडळ नेमले, शिक्षण आणि नोंदणी आली. अमेरिकेत सुईणशिक्षण तपासण्यासाठी स्वतंत्र मंडळे आहेत. त्यांतले एक १९९१ साली स्थापन झाले. तिथे विद्यापीठाला कितीही मोठी मान्यता असली, तरी त्याच्या पोटातल्या सुईणशिक्षणाची वेगळी तपासणी होऊ शकते. तिचे कारण सरळ आहे. विद्यापीठाचे ग्रंथालय मोठे आहे म्हणून बाळंत होणाऱ्या बाईचा रक्तस्राव थांबत नाही. सुईणींच्या आंतरराष्ट्रीय महासंघाच्या मापदंडाप्रमाणे थेट सुईण व्हायचे असेल तर किमान तीन वर्षे आणि आधी नर्स असेल तर किमान अठरा महिने शिक्षण लागते. त्यातला निदान निम्मा भाग प्रत्यक्ष कामाचा असावा लागतो.

आपल्या केंद्र सरकारनेही २०१८ साली सुईणसेवेची मार्गदर्शक तत्त्वे काढली. नोंदणी झालेल्या परिचारिकेला अठरा महिन्यांचे वेगळे सुईणशिक्षण द्यावे, असे त्यात आहे. २०२३ साली संसदेने १९४७ च्या कायद्याची जागा घेण्यासाठी राष्ट्रीय परिचर्या आणि प्रसाविका आयोगाचा कायदा केला. त्यात संस्थांची तपासणी करून त्यांना मानांकन देणारे वेगळे मंडळ सांगितले आहे. कायद्याच्या नावातच सुईणीला जागा मिळाली, ही आनंदाची गोष्ट आहे. पण कायदा कितीही चांगला असला, तरी तपासणी करायला माणूसच जातो.

शेजारच्या राज्यात काय झाले

माणूस जातो तेव्हा काय होते, हे मध्य प्रदेशात दिसले. तिथल्या नर्सिंग महाविद्यालयांविरुद्ध तक्रारी झाल्या आणि उच्च न्यायालयाच्या आदेशाने सीबीआयने तपासणी केली. २०२४ च्या सुरुवातीला जे आकडे बाहेर आले, त्यांत ३०८ महाविद्यालयांपैकी १६९ योग्य, ७४ मध्ये त्रुटी आणि ६५ अयोग्य ठरली. मे २०२४ मध्ये याच तपासातल्या अधिकाऱ्याला, चांगला अहवाल देण्यासाठी लाच घेतल्याच्या आरोपावरून अटक झाली. मग योग्य ठरलेल्या १६९ महाविद्यालयांचीही पुन्हा तपासणी करा, न्यायिक अधिकारी सोबत ठेवा, चित्रीकरण करा, असा आदेश न्यायालयाला द्यावा लागला. या सगळ्यात मुलींच्या परीक्षा लांबल्या, वर्षे गेली. त्या मुली कोणाच्या? तुमच्या-आमच्यासारख्यांच्याच.

तेव्हा तपासणी पथक येऊन गेले म्हणून निर्धास्त राहू नका. पथक एका दिवसासाठी येते. त्या दिवशी खाटांवर रुग्ण असतात, शिक्षक हजर असतात. तुम्ही न सांगता जा.

प्रवेशापूर्वी विचारा

एक. या अभ्यासक्रमाचे, याच वर्षाचे, परिषदेचे पत्र दाखवा. संस्थेचे नको, नॅकचे नको. पत्रावर अभ्यासक्रमाचे नाव आणि जागांचा आकडा वाचा. दाखवत नसतील तर उठून या.

दोन. ते नाव परिषदेच्या यादीशी ताडून पाहा. यादी इंटरनेटवर असते. स्वतःला जमत नसेल तर शेजारच्या पोराला मोबाइल घेऊन बसवा.

तीन. बाळंतपणाचे शिक्षण कोणत्या रुग्णालयात होते आणि तिथे महिन्याला किती बाळंतपणे होतात? रुग्णालय दुसऱ्याचे असेल तर करारपत्र आहे का, आणि अजून किती महाविद्यालयांच्या मुली तिथेच येतात?

चार. सुईणपण शिकवणाऱ्या बाई कोण? त्या रोज येतात की तपासणीच्या दिवशी?

पाच. शेवटच्या वर्षाच्या दोन मुलींना फाटकाबाहेर, चहाच्या टपरीवर भेटा. "हातानं किती केलीस?" एवढेच विचारा. त्यांचा चेहरा तुम्हाला माहितीपत्रकापेक्षा जास्त सांगेल.

सहा. प्रवेश शासनाच्या फेरीतून की व्यवस्थापन कोट्यातून? व्यवस्थापन कोट्यातल्या जागेला भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती लागू होत नाही. "आधी भरा, शिष्यवृत्ती आली की परत देऊ" या तोंडी बोलण्यावर एक रुपयाही भरू नका. पावतीवर फी कशाची ते लिहून घ्या.

बाप म्हणतात, एवढे विचारले तर प्रवेश नाकारतील. आम्ही सांगतो, सायकल घेतानाही आपण चाक फिरवून पाहतो. मग तीन वर्षे आणि घरातले किडूकमिडूक देताना गप्प का बसायचे? खिडकीसमोर हात जोडून उभे राहण्याची सवय आपल्याला फार जुनी आहे. ती मोडायला हवी.

आणि ज्यांच्या घरात नर्सिंगला जाणारी मुलगी नाही, त्यांनीही हे आपले नाही असे समजू नये. पैसेवाल्यांच्या लेकी-सुना मोठ्या डॉक्टरीणबाईंकडे बाळंत होतात. आपल्या बाया उपकेंद्रात, प्राथमिक आरोग्य केंद्रात, सरकारी रुग्णालयाच्या सामान्य कक्षात बाळंत होतात. रात्री दोन वाजता त्यांच्यापाशी सिस्टरच असते. तिने वहीत वीस लिहिली की हाताने वीस केली, यावर आपल्या घरातली बाई आणि बाळ अवलंबून आहे. म्हणजे फी भरणारेही आपण आणि खोट्या शिक्षणाची किंमत मोजणारेही आपणच.

ज्या कामाला विटाळ म्हणून गावकुसाबाहेर ठेवले, त्याच कामासाठी आज आपल्या मुलीचे नाव सरकारी नोंदवहीत चढते, तिला पगार मिळतो, लोक तिला 'सिस्टर' म्हणून हाक मारतात. ही कमाई फार मोलाची आहे. ती कोणाच्या रंगीत माहितीपत्रकापायी घालवू नका.

वाळूजच्या त्या बांधवांनी पतसंस्थेचे कर्ज घेतले नाही. मुलीने शासनाच्या फेरीचा अर्ज भरला आहे आणि यादीची वाट पाहते आहे. यंदा नंबर लागला नाही तर पुढच्या वर्षी पुन्हा परीक्षा देईन म्हणते. तिच्या वहीच्या पहिल्या पानावर तिने वरचे सहा प्रश्न उतरवून घेतले आहेत. तुम्हीही हे कात्रण जपून ठेवा, आणि शेजारच्या घरात बारावी झालेली मुलगी असेल तर तिथे वाचून दाखवा.